नितळ पाणी आणि जिवंत पाणी : परसातील तळ्यासाठी फिल्टर निवडताना

चतुर्थीला घरी पाहुणे येणार म्हणून आदल्या रविवारी मी परसातल्या तळ्याचा फिल्टर उघडला. आतले स्पंज काळपट तपकिरी झाले होते आणि हाताला बुळबुळीत लागत होते. नळाखाली धरून, पुन्हा पुन्हा पिळून ते मूळच्या निळ्या रंगावर आणले. आतल्या प्लास्टिकच्या चकत्याही ब्रशने घासून लख्ख केल्या. चतुर्थीच्या दिवशी पाणी इतके नितळ होते, की तळाचा खडा न् खडा मोजता यावा. घरातल्या मुलांनी दोन दिवस हौसेने माशांना खाणे टाकले. पाचव्या दिवशी सकाळी पहिला गोल्डफिश आडवा तरंगताना दिसला. आठवडा संपेपर्यंत बारापैकी नऊ मासे गेले. पाणी तेव्हाही नितळच होते.

तो फिल्टर विकत घेताना खोक्यावर ‘दहा हजार लिटर’ असे छापलेले होते आणि माझे तळे साडेचार हजार लिटरचे. दुपटीहून अधिक क्षमता आहे म्हणून मी निश्चिंत होतो. माझी चूक दुहेरी होती. खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवून मी फिल्टर निवडला आणि तो नेमके काय काम करतो हे न समजता धुऊन टाकला. आज गोव्यात नव्या घरांच्या अंगणांत, जुन्या घरांच्या राजांगणांत आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या बंगल्यांच्या बागांत लहान तळी वाढत आहेत. ती बांधणाऱ्यांना माझी चूक टाळता यावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

फिल्टर म्हणजे केवळ गाळणी नव्हे

चहा गाळावा तसे पाणी गाळणारे साधन, अशी फिल्टरची कल्पना आपल्या मनात असते. ती अर्धीच खरी आहे. तळ्याच्या फिल्टरला दोन वेगळी कामे करावी लागतात. पहिले काम अडवण्याचे: पाने, विष्ठा, उरलेले खाणे, मातीचे कण पकडून ठेवणे. हे काम डोळ्यांना दिसते. दुसरे काम पचवण्याचे, आणि ते दिसत नाही.

मासे आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. कुजणाऱ्या खाण्यातूनही तोच निर्माण होतो. अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, त्यामुळे कितीही बारीक जाळी लावली तरी तो अडत नाही आणि पाण्याचा रंगही बदलत नाही. त्याची विल्हेवाट लावतात ते जिवाणू. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर नायट्रोस्पायरासारखे त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते माशांच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची शक्ती काढून घेते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र तुलनेने निरुपद्रवी असते आणि पाणवनस्पतींचे ते खतच आहे.

हे जिवाणू पाण्यात मोकळे तरंगत नाहीत. त्यांना चिकटून राहण्यासाठी पृष्ठभाग आणि श्वासासाठी सतत वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. स्पंजवरचा तो बुळबुळीत तपकिरी थर ही त्यांचीच वस्ती होती. मी ती पिळून काढली आणि जी उरली असेल ती नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मारली. वर मुलांच्या हौसेने दोन दिवस खाणेही जास्त पडले. पचवणारे गेले आणि पचवायचे वाढले. नितळ पाणी आणि जिवंत पाणी यांत फरक आहे, तो असा.

फिल्टर हवाच का?

निवड करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या देवळांपुढची जुनी तळी विजेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राविना पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्यांत पाणी भरपूर, मासे त्या मानाने थोडे, अनेक ठिकाणी झऱ्याची आवक आणि बाहेर जाण्यासाठी वाट. काठावरच्या आणि पाण्यातल्या वनस्पती आणि तळाचा गाळ मिळून पचवण्याचे काम निसर्गतः होत असे. तोच न्याय लहान तळ्यालाही लागू आहे. तुम्हाला फक्त साळके फुलवायची असतील, पाण्याचा दोन-तृतीयांश भाग पानांनी झाकलेला चालत असेल आणि डासांच्या अळ्या खाण्यापुरते चार-दोन लहान मासे ठेवायचे असतील, तर फिल्टर न घेणे हाच उत्तम निर्णय ठरेल. शिवाय साळकांना वाहते, अंगावर उडणारे पाणी मानवत नाही.

डासांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. उष्ण हवेत अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंग्यूचा डास साचलेले स्वच्छ पाणीच पसंत करतो. म्हणून मासे नसलेले, स्थिर पाण्याचे तळे घराजवळ नकोच. गप्पी मासे सहज मिळतात, पण आपल्या ओढ्या-नाल्यांतले ‘ॲप्लोकाइलस’ कुळातले छोटे मासेही हे काम चोख करतात. गोव्यात १९९० च्या दशकात हिवतापाच्या डासांविरुद्ध त्यांच्या क्षेत्रीय चाचण्याही झालेल्या आहेत. बाहेरून आणलेले शोभेचे मासे मात्र कधीही ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत.

लिटर नव्हे, खाणे मोजा

मासे हौसेने पाळायचे ठरले, की फिल्टर अपरिहार्य होतो. तो किती मोठा असावा, हे पाण्याच्या लिटरांवरून ठरत नाही. दररोज पाण्यात पडणाऱ्या खाण्यावरून ते ठरते, कारण अमोनिया खाण्यातूनच येतो. हिशेब सोपा आहे.

प्रथम तळ्याचे आकारमान. लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये घेऊन गुणावी व हजाराने गुणावे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल तळ्यात ४,५०० लिटर पाणी मावते. कडा उतरत्या किंवा वेड्यावाकड्या असतील, तर त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा.

आता दोन प्रसंग पाहू. याच तळ्यात शंभर-शंभर ग्रॅमचे बारा गोल्डफिश आहेत. वजनाच्या दोन टक्के धरले, तर दिवसाला सुमारे २४ ग्रॅम खाणे लागेल. माशांच्या खाण्यात साधारण ३५ टक्के प्रथिने असतात आणि अशा १०० ग्रॅम खाण्यातून अमोनियाच्या रूपात सुमारे ३ ग्रॅम नायट्रोजन पाण्यात उतरतो. म्हणजे बारा गोल्डफिशांचा रोजचा भार पाऊण ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या प्रसंगी त्याच तळ्यात दोन-दोन किलोचे चार कोई मासे आहेत. त्यांना दीड टक्क्याने दिवसाला १२० ग्रॅम खाणे लागेल आणि भार पावणेचार ग्रॅमवर जाईल. पाणी तेच, तळे तेच, मासे संख्येने कमी, पण फिल्टरवरचे काम पाचपट. खोक्यावरचा ‘दहा हजार लिटर’ हा आकडा या दोन प्रसंगांत काहीच भेद करत नाही.

जिवाणूंच्या वस्तीचा एक चौरस मीटर पृष्ठभाग दिवसाला सुमारे ०.२ ग्रॅम भार पचवतो, असे सावधपणे धरावे. गोल्डफिशांना चार चौरस मीटर लागतील आणि कोईंना एकोणीस. उन्हाळा, आजारपण, चतुर्थीचे पाहुणे यांसाठी ते दुप्पट करावे: आठ आणि अडतीस. आता फिल्टरमधील साहित्य पाहा. दोन सेंटिमीटरच्या खडीचा पृष्ठभाग घनमीटरला दीडशे ते दोनशे चौरस मीटर भरतो. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या, चाकाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या छोट्या नळकांड्यांचा सुमारे पाचशे. म्हणजे गोल्डफिशांसाठी पन्नास लिटर खडी किंवा पंधरा-वीस लिटर नळकांडी पुरतील, तर कोईंसाठी अशी ऐंशी लिटर नळकांडी लागतील. दुकानात जाऊन ‘आत कोणते साहित्य आहे आणि ते किती लिटर आहे’ एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर मिळत नसेल, तर तो फिल्टर घेऊ नये.

कोणत्या तळ्याला कोणता फिल्टर?

पाण्यात बुडवून ठेवायचा स्पंजचा डबा हा सर्वांत स्वस्त आणि लपवायला सोपा प्रकार. हजार-दीड हजार लिटरचे कुंड आणि मोजके लहान मासे असतील, तर तो पुरतो. मात्र तो लवकर तुंबतो आणि साफ करायला दर वेळी पाण्यात हात घालावा लागतो.

बंद डब्याचा, दाबावर चालणारा फिल्टर जमिनीत अर्धा पुरता येतो आणि त्यातून निघालेले पाणी उंचावरच्या धबधब्यापर्यंत चढवता येते. बागेची शोभा राखायची असेल, तर तो सोयीचा. पण डबा लहान म्हणून आतली जागा कमी, आणि बंद असल्यामुळे वीज गेल्यावर आतला प्राणवायू काही तासांत संपतो. मी घेतलेला याच प्रकारचा होता.

उघड्या टाक्यांचा, गुरुत्वाकर्षणावर वाहणारा फिल्टर दिसायला ओबडधोबड, पण कामाला सर्वांत भरवशाचा. पहिल्या टाकीत पाणी संथ फिरून जड गाळ खाली बसतो, दुसरीत जाड-बारीक स्पंज किंवा ब्रश उरलेले कण अडवतात, तिसरीत जिवाणूंचे साहित्य असते. तिसऱ्या टाकीत हवेचा पंप सोडून नळकांडी सतत घुसळत ठेवली, की ती आपोआप स्वच्छ राहतात. दोनशे लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपांपासून एखादा कुशल नळकारागीर असा फिल्टर घरीच उभा करू शकतो. पिंप पूर्वी कशासाठी वापरले होते, याची मात्र खात्री करून घ्यावी. रसायनांचे पिंप नको. कोई पाळायचे असतील, तर याहून लहान सोयीवर समाधान मानू नये.

चौथा प्रकार वनस्पतींच्या वाफ्याचा, आणि आपल्या हवामानाला तो विशेष मानवतो. तळ्याच्या कडेला, पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित उंच असा एक हौद बांधायचा. तळाशी छिद्रे पाडलेली नळी अंथरायची, वर फुटभर काळी खडी भरायची आणि पंपाचे पाणी खालून वर चढवून तळ्यात परत सांडू द्यायचे. जांभ्याची खडी नको, ती कालांतराने झिजून बारीक होते. खडीत कर्दळ, वाळा, वेखंड, अळू लावावे. खडीवर जिवाणू राहतात, मुळे नायट्रेट शोषतात आणि पाण्यातले खत संपल्याने शेवाळालाही आळा बसतो. वाफा तळ्याच्या क्षेत्रफळाच्या किमान पाचव्या हिश्शाएवढा असावा. आपल्या सहा चौरस मीटरच्या तळ्याला सव्वा चौरस मीटर. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्याने ही झाडे बारा महिने काम करतात. मोजके गोल्डफिश आणि फुलांची हौस असलेल्यांनी प्रथम याचाच विचार करावा. जलपर्णी मात्र टाळावी. ती पाणी शुद्ध करते हे खरे, पण एकदा ओढ्यात पोचली की आवरत नाही.

जलतरण तलावाचा वाळूचा फिल्टर तळ्यासाठी घेऊ नये. माशांच्या विष्ठेने वाळूचे गठ्ठे बनतात आणि पाणी त्यांना वळसा घालून तसेच निघून जाते.

हिरवे पाणी आणि अतिनील दिवा

तळे उन्हात असेल, तर काही आठवड्यांत पाणी हिरवेगार होते. सूक्ष्म शेवाळाचे हे कण इतके बारीक असतात, की स्पंजमधून आरपार जातात. त्यावर उपाय अतिनील दिव्याचा. बंद नळीतून पाणी या दिव्यासमोरून जाते, तेव्हा सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शेवाळाच्या पेशी निकामी करतो. त्यांचे पुंजके होतात आणि मग फिल्टर त्यांना अडवू शकतो.

पण दिवा म्हणजे फिल्टर नव्हे. तो अमोनियाचा एक कणही पचवत नाही. दगडांना चिकटलेल्या तंतुमय शेवाळावरही त्याचा परिणाम होत नाही, कारण ते दिव्यासमोर येतच नाही. दिवा पेटलेला दिसत असला, तरी अखंड वापरात साधारण वर्षभराने त्याचे अतिनील तेज मंदावते आणि तो बदलावा लागतो. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. दिवा घेण्यापूर्वी स्वस्त उपाय करून पाहावेत: खाणे कमी करणे, साळकांची सावली वाढवणे, वाफा लावणे. ज्यांना फक्त नितळ पाणी हवे असते, ते बहुधा दिव्यावर खर्च करतात आणि फिल्टरमध्ये काटकसर करतात. माझ्या खोक्यातही दिवा होता. म्हणूनच मासे मरत असताना पाणी नितळ दिसत राहिले.

पंप आणि वीज

मासे असलेल्या तळ्याचे सगळे पाणी दीड ते दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरले पाहिजे. आपल्या उदाहरणात ताशी सव्वादोन ते तीन हजार लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. उंची वाढते तसा प्रवाह घटतो, वळणे आणि अरुंद नळी तो आणखी कमी करतात. म्हणून पंपासोबतचा उंची-प्रवाहाचा तक्ता पाहावा. तो नसेल तर बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः मोजावे: दहा लिटरची बादली बारा सेकंदांत भरली, तर प्रवाह ताशी तीन हजार लिटर.

फिल्टरचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. वीज वाचवण्यासाठी रात्री तो बंद करणे म्हणजे जिवाणूंचा श्वास कोंडणे. ४० वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला, तर सुमारे २९ युनिट वीज लागते. शंभर वॅटचा घेतला तर ७२. स्वस्त पंपाची किंमत अशी बिलातून वसूल होते.

आणि पावसाळ्यात वीज जातेच. वादळी रात्री झाड तारांवर कोसळले, की कित्येक तास अंधार. अशा वेळी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप तळ्यात सोडावा, मासे त्यावर तग धरतात. ३० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना नऊ. उष्ण प्रदेशातल्या तळ्यात मुळातच साठा कमी, आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. बंद डब्याचा फिल्टर पाच-सहा तासांहून अधिक काळ थांबला असेल, तर वीज आल्यावर आतले कुजके पाणी आधी बाहेर झाडांना सोडावे आणि मगच तळ्याशी जोडावे. ते तळ्यात गेले, तर विषाचा लोटच जातो.

पाण्यातल्या पंपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षक यंत्र बसवणे अत्यावश्यक आहे. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करण्याची सवय घरातल्या सर्वांनाच हवी.

जांभ्याचे पाणी आणि पावसाची धार

परदेशी पुस्तिकांत सहसा न सापडणारी एक गोष्ट आपल्याकडे निर्णायक ठरते. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली क्षारता खर्च करतात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम. क्षारता म्हणजे आम्लता सोसण्याची पाण्याची शक्ती. जांभ्यातून पाझरलेले आपले विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते, त्यात ही शक्ती मुळातच थोडी. समजा तुमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम क्षारता आहे. साडेचार हजार लिटरमध्ये ती एकूण १३५ ग्रॅम होईल. चार कोईंचा फिल्टर रोज सुमारे २७ ग्रॅम वापरतो. नवी भर पडली नाही, तर पाच दिवसांत साठा संपला. मग पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, झपाट्याने घसरतो, जिवाणूंचे काम थांबते आणि मासे संकटात सापडतात. फिल्टर जितका कार्यक्षम, तितका हा धोका लवकर येतो.

त्यात पाऊस. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. सहा चौरस मीटरच्या तळ्यात एका वर्षात अठरा हजार लिटर, म्हणजे तळ्याच्या चौपट पाणी थेट आभाळातून पडते. पावसाच्या पाण्यात क्षारता जवळपास नसतेच. छपराची पन्हळ तळ्यात सोडली असेल, तर विचारायलाच नको. ती वळवावी. जाळी लावलेली सांडव्याची नळी ठेवावी आणि अंगणातले गढूळ पाणी आत येऊ नये म्हणून काठ वीतभर उंच घ्यावा.

उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातूनच निघतो. तिसऱ्यांचे किंवा कालवांचे शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते उकळून, घासून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत भरावेत आणि फिल्टरच्या शेवटच्या टाकीत, वाहत्या पाण्यात ठेवावेत. पाणी आम्लतेकडे झुकले की ते विरघळू लागतात, सुधारले की जवळपास थांबतात. माप चुकण्याची भीती नाही. दोन-तीन किलोंपासून सुरुवात करावी आणि क्षारता तपासून वाढवावी. फिल्टर निवडताना या पिशवीला जागा आहे की नाही, हेही पाहावे.

याच्या उलट धोका नव्या सिमेंटच्या तळ्याचा. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि सामू ९ च्या वर जातो. अमोनियाचे विषारीपण सामूबरोबर वाढते. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना त्याचा हजारात सहा भाग एवढाच अंश विषारी रूपात असतो, ८ ला शंभरात पाच, ९ ला तिसऱ्या हिश्शाहून अधिक. म्हणून नवे तळे तीन-चार वेळा भरून, काही दिवस ठेवून रिकामे करावे आणि सामू ८ च्या आसपास स्थिरावल्यावरच मासे सोडावेत.

पहिले सहा आठवडे, आणि नंतर

नवा फिल्टर बसवला त्या दिवशी तो रिकामे घर असतो. जिवाणूंची वस्ती वाढायला आपल्या उबदार पाण्यातही चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे ठेवावेत आणि चिमूटभरच खाणे द्यावे. एखाद्या परिचिताच्या निरोगी तळ्यातला वापरातला स्पंज मिळाला, तर तो विरजणासारखा उपयोगी पडतो. अमोनिया, नायट्राइट, सामू आणि क्षारता तपासण्याचे संच शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळतात. पहिले दोन महिने दर चार दिवसांनी तपासणी करावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले, की फिल्टर तयार झाला. मग मासे हळूहळू वाढवावेत.

साफसफाईचा नियम एका ओळीचा आहे: अडवणारा भाग वारंवार धुवावा, पचवणाऱ्या भागाला शक्यतो हात लावू नये. गाळाची टाकी आठवड्याला सोडावी, ते पाणी केळी-माडांना उत्तम खत. स्पंज तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हलके पिळावेत, एका वेळी अर्धेच. ते पुन्हा नव्यासारखे दिसू लागले, तर आपण जास्त धुतले असे समजावे. तळ्यात नळाच्या पाण्याची भर घालायची असेल, तर ते उघड्या टाकीत एक-दोन दिवस ठेवून मगच घालावे.

आणि तरीही कधी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर औषध शोधत न बसता प्रथम खाणे बंद करावे. हवेचा पंप चालू करावा आणि तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नायट्राइट वाढलेले आढळले, तर हजार लिटरला एक किलो या प्रमाणात मिठागराचे जाडे मीठ विरघळवून घालावे. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरू देत नाही. एवढे मीठ मासे सहज सोसतात, मात्र नाजूक पाणवनस्पती तेवढ्यापुरत्या बाजूला काढाव्यात.

माझ्या तळ्यातले तीन मासे वाचले. पुढच्या वर्षी कडेला कर्दळीचा वाफा बांधला, बंद डबा काढून दोन पिंपे बसवली आणि शेवटच्या पिंपात शिंपल्यांची पिशवी टांगली. मासे आता आठ आहेत आणि ती संख्या मी वाढवत नाही. पाणी पूर्वीसारखे काचेगत नितळ नसते. त्याला किंचित चहासारखी छटा असते, आणि पावसात ते चार दिवस गढूळही होते. चतुर्थीच्या आधी आता घरातले सगळे घासूनपुसून काढतो. फिल्टरचे झाकण तेवढे उघडत नाही.